दोनशे आठ थेंब

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘नर्सिंग आणि गणित’ असा छापून आला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “एवढ्या उन्हाळ्यात गणित ऐकायला कोण येणार गं?” तुम्ही आलात. पुढच्या रांगांत नर्सिंगच्या मुली दिसतायत. कुणी बदलापूरच्या, कुणी अंबरनाथच्या, कुणी उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या. मागे त्यांच्या आया बसल्यात. मी आज जास्त करून आयांशी बोलणार आहे.

मी आयुष्यभर नर्सिंग ट्यूटर म्हणून काम केलं. पहिल्या वर्षाच्या मुली ॲनाटॉमीला घाबरत नाहीत, पाठ करून मोकळ्या होतात. रक्ताला आठवडाभर घाबरतात, मग सवय होते. ड्रग कॅल्क्युलेशनची टेस्ट लावली की मात्र वर्गातल्या निम्म्या मुलींचं पोट दुखतं. नाटक नव्हे, खरंच दुखतं. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना बारावीच्या कला शाखेतूनही प्रवेश मिळतो. म्हणजे यांतल्या बऱ्याच जणींची गणिताशी शेवटची गाठ दहावीत पडलेली. सुटलो एकदाचे म्हणून पुस्तकं रद्दीत गेली, आणि दोन-तीन वर्षांनी तेच गणित सलाईनच्या स्टँडला लटकून पुन्हा समोर!

एका मुलीची गोष्ट सांगते. टेस्टमध्ये प्रश्न होता: ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा आहे, म्हणजे २० थेंबांचं एक मिली, तर मिनिटाला थेंब किती? सूत्र तिने बरोबर लिहिलं. पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी. उत्तर लिहिलं २०८. पाहिजे होते जेमतेम २१. भागाकारात टिंब हरवलं होतं, बाकी सगळं ठीक. मी लाल फुली मारली नाही. तिला डेमोच्या खोलीत नेलं, बाटली लटकवली, खाली बादली ठेवली आणि म्हटलं, “सोड बघू मिनिटाला दोनशे आठ.” तिने रोलर ढिला केला. सेकंदाला साडेतीन थेंब! डोळा एकावर ठरेना, मोजताना जीभ अडखळायला लागली. दहा सेकंदांत हसत सुटली. “मॅडम, ही बाटली तर पाऊण तासात संपेल!”

पाऊण तास. मी नंतर करून पाहिलं, अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. हा हिशेब तिने उभ्या उभ्या केला, कागदाशिवाय, सूत्राशिवाय. आणि हीच मुलगी दहा मिनिटांपूर्वी कागदावर दोनशे आठ लिहून शांतपणे पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.

तिची आई कॅम्पात जीन्सच्या कारखान्याचं काम घरी आणून करायची. धागे कापायचे, बटणं लावायची, नगावर पैसे. वही मुलगी ठेवायची. किती डझन आले, किती परत गेले, भाव किती, उचल किती. त्या वहीत टिंब कधी हरवलं नव्हतं. हरवलं असतं तर शनिवारी पैसे घेताना कळलं असतं.

हे तिच्या एकटीचं नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजीपाला विकणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती. तीच मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणिताला अडत होती. आणि शाळेत हुशार असलेली मुलं बाजारातल्या हिशेबाला अडत होती! आम्ही ट्यूटर मंडळी यांतल्या दुसऱ्या गटातल्या. म्हणून आम्हाला वाटतं की मुलीला गणित येत नाही. गणित येतं. घरचं गणित आणि कागदावरचं गणित यांची ओळख कुणी करून दिलेली नसते, एवढंच.

ती ओळख खरं तर जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. त्यांचे वंशज आपल्या खानदेशातले. त्या वंशजांचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. त्या ग्रंथात त्रैराशिक आहे. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी. आता वॉर्डात या. सेफ्ट्रिॲक्सोनची एक ग्रॅमची वायल दहा मिली पाण्यात विरघळवली. डॉक्टरांनी ७५० मिलिग्रॅम लिहिलंय. प्रमाण १००० मिलिग्रॅम, त्याचं फल १० मिली, इच्छा ७५०. इच्छेला फलाने गुणा, प्रमाणाने भागा. साडेसात मिली. इंग्रजी पुस्तकातलं सूत्र हेच आहे, नावं तेवढी वेगळी. पण भास्कराचार्य एक अट घालतात, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत. एक ग्रॅमच्या जागी नुसता ‘१’ लिहिला आणि इच्छेत मिलिग्रॅमचे ‘७५०’, की उत्तर हजार पटीने बिघडलं. माझ्या वर्गात एककाशिवाय आकडा लिहिला की मी विचारायचे, “साडेसात काय? बांगड्या?”

आता आयांनो, तुमच्याकडे वळते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. तुमच्या आजोबांच्या शाळेत हे अपूर्णांकांचे पाढे रोज घोकून घेत. आपण ते म्हाताऱ्यांचं लचांड म्हणून सोडून दिले. पण इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचं असतं, आणि १०० युनिटचंही मिळतं. सिरिंजही दोन जातींच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला दहा जात नाहीत, पंचवीस जातात. अडीचपट! साखर धाडकन खाली येते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं तर दहाचे चारच जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. दहा अडीचे पंचवीस हे ज्या आजीला झोपेत येत होतं, तिच्या नातीला इथे कॅल्क्युलेटर शोधावा लागतो.

घरातही हेच घडतं. बारा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पॅरासिटामॉल लिहिलं, म्हणजे १८० मिलिग्रॅम. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ७.२ मिली. मेडिकलवाल्याने या वेळी पाच मिलीत २५० वालं दिलं, तर ३.६ मिलीच. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं, की दुप्पट औषध पोटात. म्हणून लेबल वाचा, आधी मुलीला वाचायला लावा.

भीतीबद्दल थोडं. मन घाबरलं की डोक्यातली जी जागा आकडे धरून ठेवायला लागते, तीच जागा काळजी व्यापून बसते. हे मानसशास्त्रज्ञांनी बऱ्यापैकी तपासलेलं आहे. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुलांना परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर लिहायला लावली. घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. मी हे वर्गात करून पाहिलं. एकीने लिहिलं, “नापास झाले तर पप्पा फी फुकट गेली म्हणतील.” दुसरीने फक्त लोकलचं वेळापत्रक लिहिलं. मी दोघींचेही कागद न वाचता फाडायला हवे होते, वाचले, चुकले.

दुसरा उपाय साधा. सूत्राला हात लावण्याआधी अंदाज लिहायचा. वीस थेंबांचा सेट असेल तर तासाला जितके मिली, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे मिनिटाचे थेंब. पाचशे मिली आठ तासांत, म्हणजे तासाला साठाच्या आसपास, म्हणजे वीसेक थेंब. हे समासात लिहून ठेवलं की २०८ आल्यावर पेन आपोआप थबकतं. साठ थेंबांच्या मायक्रो सेटला तर काहीच करायचं नाही. तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब.

आता एक तक्रार, आमच्याच लोकांवर. आपल्याकडे निम्मे गुण मिळाले की पास. निबंधाला ठीक आहे. औषधाच्या हिशेबात निम्मे बरोबर याचा अर्थ काय होतो? ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने २०१८ च्या नियमांत औषधांच्या हिशेबाला शंभरपैकी शंभरची अट घातली आहे. मला ती अट पटते. फक्त सोबत हवी तितक्या वेळा परीक्षा द्यायची मुभा पाहिजे, आणि फुलीच्या जागी बादली-बाटली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र आपण दिवा घेतलेलं लावतो. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने सभासद करून घेतलेली ती पहिली स्त्री होती. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतात, हे तिने आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारला दाखवलं. तिच्या हातात वही दाखवणारं चित्र मी अजून कुठल्या नर्सिंग शाळेच्या भिंतीवर पाहिलं नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, आता इन्फ्युजन पंप आलेत, मग थेंब कशाला मोजायचे?” बरोबर आहे. पण पंप विचारतो, तासाला किती मिली? तो आकडा सिस्टरनेच दाबायचा असतो. १२.५ की १२५, ते पंपाला ठाऊक नसतं. दोन्ही तो सारख्याच इमानदारीने देतो. आणि बॅटरी उतरली की तो चीं-चीं करून गप्प होतो, मग रात्री अडीच वाजता कुणीतरी घड्याळ हातात धरून ड्रिप चेंबरसमोर उभं राहतं आणि पुन्हा मोजायला लागतं, एक, दोन, तीन.