आरसा कीं खिडकी ?

कॅमेऱ्याची किंमत विचारण्यापूर्वीं हेतु ठरवावा. एकभिंगी रिफ्लेक्समध्यें आरसा भिंगांतलेंच दृश्य डोळ्यापुढें आणतो. म्हणून दूरचा पक्षी वा हाताजवळचें फूल टिपण्यास तोच उत्तम. मात्र कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो आणि नेमका चित्राचा क्षण पाहणाऱ्यास दिसत नाहीं. रेंजफाइंडरमध्यें वेगळ्या खिडकींतून दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवाव्या लागतात. फार जवळचें वा फार दूरचें त्यास साधत नाहीं. परंतु तो आटोपशीर, हलक्या आवाजाचा, आणि त्यांतील दृश्य क्षणभरही मावळत नाहीं. २००४ सालीं एप्सननें व २००६ सालीं लायकानें त्यास डिजिटल रूप दिलें, तरी हा स्वभाव कायम राहिला. तेव्हां रानावनांत हिंडणाऱ्यानें पहिला घ्यावा. घरच्या वृद्ध आईचें ओझरतें हसूं ज्यास हवें, त्यानें दुसरा. तें हसूं पुन्हां मागून मिळत नाहीं.