ग्राहकांचा कौल

आमोण्यासारख्या गोमंतकीय गावांत देवाला कौल लावतात, तेव्हा पाकळीला कोणी हात लावीत नाही. संगणकीय खेळांची दुकानेही असाच ग्राहकांचा कौल घेतात. पोलंडमध्ये २००८ साली निघालेले ‘जीओजी’ जुन्या खेळांसाठी आलेली मते मोजते आणि त्यांच्या बळावर हक्कधारकांशी बोलणी करते. १९९९ चा जपानी ‘डायनो क्रायसिस’ २०२५ च्या जानेवारीत तेथे आला, तो अशाच मागणीनंतर.

अमेरिकेतील ‘स्टीम’ने २०१२ साली नव्या खेळांची निवडच मतांवर सोपविली. मग फुकट प्रती वाटून मते मिळविली जाऊ लागली. २०१७ साली ती पद्धत बंद झाली आणि प्रत्येक खेळामागे १०० डॉलर शुल्क ठरले. पाकळी हाताने ढकलली, की कौल उरत नाही.