क्लॅरिओनेटचा सूर : जोर आणि गोडवा

राजोडी हें वसईच्या बाजूचें समुद्रकांठचें गांव. लग्नसराई सुरू झाली, कीं या बाजूच्या ख्रिस्ती वस्त्यांतून बॅण्डचे सूर ऐकूं येतात. वऱ्हाडी मंडळी ठेका धरतात ती ढोलावर; पण गाणें ओळखतात तें बहुधा क्लॅरिओनेटवरून. चाल वाहून नेण्याचें काम या काळ्या नळीकडे असतें. म्हणून तिचा सूर बिघडला, तर सारी वरात नुसता गलबला होऊन बसते.

अशाच एका वरातींत मी प्रथम वाजवावयास उभा राहिलों, तेव्हां ढोलाच्या पुढें आपला आवाज जावा म्हणून रीड जवळजवळ दांतांनीं चावली. घटकाभरांत खालचा ओठ फुटला, सूर उतरला आणि वरात दारीं पोंचण्यापूर्वींच वाद्य खालीं ठेवावें लागलें. माझी जागा दुसऱ्यानें घेतली. बिदागीहि त्यालाच मिळाली. तें योग्यच झालें. पण असे ओठ फोडून घेणारे तरुण आजहि पाहावयास मिळतात. त्यांचें हें उपजीविकेचें साधन. आणि ओठ व कान गेले, कीं साधनहि गेलें. म्हणून आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम वाद्याचा स्वभाव पाहूं. इ. स. १७०० च्या सुमारास जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें योहान क्रिस्तोफ डेनर या कारागिरानें तें घडविलें, असें मानतात. बासरी दोन्ही टोंकांनीं उघडी. तींत जोरानें फुंकलें, कीं तोच सूर वरच्या सप्तकांत येतो. सनईची नळी निमुळती, म्हणून तिच्यांतहि तसेंच होतें. क्लॅरिओनेटची नळी मात्र सरळ असून तोंडाच्या बाजूनें बंद असल्यासारखी वागते. त्यामुळें डाव्या अंगठ्याची चावी दाबली, कीं षड्जाचा वरचा षड्ज न येतां त्याच्याहि पलीकडचा पंचम येतो. बासरी सोडून या वाद्याकडे वळणारा विद्यार्थी येथेंच अडखळतो. खालच्या आणि वरच्या सुरांच्या मध्यें तीन-चार सूर मुळांतच फिके आहेत. तेथून वर जातांना एकदम सर्व बोटें टेंकवावीं लागतात. यावर एक सोपा उपाय आहे. ते फिके सूर वाजवितांनाच उजव्या हाताचीं बोटें खालीं भोंकांवर ठेवावीं. सूर थोडा भरतो, आणि पुढची उडी निम्मी सोपी होते.

दुसरी गोष्ट ओठांची. खालचा ओठ दांतांवर किंचित् दुमडून त्यावर रीड टेंकवावी, वरचे दांत मुखभागावर ठेवावे आणि ओठांचे कोपरे आंत घट्ट धरावे. गाल फुगवूं नयेत. हनुवटी ताणलेली असावी. दाब चारी बाजूंनीं सारखा हवा, खालून वर चावण्याचा नव्हे. हें साधलें कीं नाहीं, याची एक परीक्षा आहे. नेहमींच्या बॅण्डांतील क्लॅरिओनेटचा मुखभाग आणि त्याखालचा आंखूड तुकडा एवढेच जोडून फुंकावें. सूर पेटीच्या काळी तीनशीं मिळाला, तर ओठ बरोबर बसले. सूर चढा निघाला, तर आपण चावीत आहों. उतरला, तर ओठ ढिले आहेत.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि जोराचा भ्रम येथेंच फिटतो. क्लॅरिओनेट फार जोरानें फुंकलें, कीं सूर चढत नाहीं, उलट किंचित् उतरतो. आणि हळू फुंकलें, कीं चढूं पाहतो. म्हणजे केवळ आवाजासाठीं छाती फोडणारा वादक नकळत बेसूर होत असतो. यासाठीं रोज पंधरा मिनिटें तंबोऱ्याबरोबर एकच सूर धरावा. आठ मात्रा हळूहळू वाढवीत न्यावा आणि आठ मात्रा हळूहळू विरवावा. त्या सोळा मात्रांत सूर जागचा हलतां कामा नये. पोट भरून घेतलेला श्वास सावकाश सोडावा; नवा सूर जिभेच्या टोंकानें रीडला हलकेंच स्पर्श करून उठवावा. पहिला महिना हें कंटाळवाणें वाटेल. पण गोडवा येतो तो याच मार्गानें.

चौथी गोष्ट वाद्याच्या निगेची. रीड ही बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी. समुद्रकांठच्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, ती फुगते व वांकते. वाजवून झाल्यावर पुसून कांचेच्या सपाट तुकड्यावर वाळवावी, आणि दोन-तीन रीडी आळीपाळीनें वापराव्या. नळीतून कापड ओढून ओल काढावी. वाद्य थंड असतां सूर उतरलेला असतो. म्हणून सूर जुळविण्यापूर्वीं तें श्वासानें तापवून घ्यावें.

हें परकें वाद्य आपल्या गाण्यास चालेल काय, असें कोणी विचारतील. पेटीचे सूर ठोकळेबाज म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दार बंद केलें होतें. क्लॅरिओनेटवर तो आक्षेप येत नाहीं. कारण ओठ आणि अर्धवट झांकलेलें भोंक यांनीं मींड घेतां येते. दक्षिणेंत ए. के. सी. नटराजन यांनीं त्यावर कर्नाटक संगीत गाजविलें आणि २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे मास्टर इब्राहिम यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरीं वाजल्या. त्या ऐकतांना आवाज मोठा म्हणून कोणी थांबलें नाहीं. सूर माणसासारखा बोलतो म्हणून थांबलें.

शेवटीं ऐकणारांसहि एक विनंति. पुढच्या वरातींत बॅण्डवाल्याला 'आणखी जोरानें' असें सांगूं नका. उघड्यावर भिंती नसल्यानें नाद परतून येत नाहीं, आणि बिचारा वादक आपल्या शब्दाखातर ओठ चावूं लागतो. त्यापेक्षां ढोल दहा पावलें मागें चालवा व क्लॅरिओनेट पुढें येऊं द्या. गाणें आपोआप ऐकूं येईल. आणि वाजविणाराचा ओठ पुढच्या लग्नसराईपर्यंत शाबूत राहील.