आधी ग्लुकोज, मग लॅक्टोज

या महाविद्यालयातल्या आठवणी काढत बसलो तर बक्षीस समारंभ लांबेल, म्हणून एकच आग्रह मांडतो: सगळं एकदम करू नका. पुरावा आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा. त्याच्याकडे सुमारे ४,३०० जनुकं. ती सगळी जोरात चालवली तर त्याचं दिवाळंच निघेल. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणाऱ्या एकाच एन्झाइमच्या एका साखळीत हजारावर अमिनो आम्लं, आणि अशा चार साखळ्या जुळल्यावर ते कामाला लागतं. म्हणून लॅक्टोज नसताना रिप्रेसर नावाचं प्रथिन त्या जनुकांच्या तोंडाशी डीएनएला चिकटून बसतं. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही मिळाली, तरी जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, वाढ जरा थांबते, आणि मगच लॅक्टोजला हात घालतो. जाक मोनो यांनी पॅरिसमध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, हा थांबा नोंदवला; रिप्रेसरची यंत्रणा त्यांनी फ्रान्स्वा जेकब यांच्याबरोबर १९६१ मध्ये मांडली आणि १९६५ चं नोबेल आंद्रे ल्वॉफ यांच्यासह तिघांना मिळालं.

कोणी म्हणेल, कायम सज्ज असलेलाच पुढे जातो. जातो खरा: लॅक्टोज तुटपुंजं पण सतत मिळत राहिलं, तर रिप्रेसर बिघडल्याने ही जनुकं कायम चालू असलेले जिवाणू बाकीच्यांना मागे टाकतात. पण लॅक्टोज नसेल तेव्हा तोच फुकटचा खर्च त्यांना नडतो. मग आपणही अभ्यासाच्या काळात छंद कुलूपबंद करायचे का? तेही नाही. जिवाणूचा रिप्रेसरही अधूनमधून सुटतो आणि तेवढ्यात त्या जनुकांच्या प्रथिनांचे मोजके रेणू तयार होतात. ही गळती फार मोलाची. लॅक्टोज पेशीत आणणारं प्रथिन याच जनुकांतून बनतं, आणि रिप्रेसरला हटवणारा रेणूही लॅक्टोज फोडणारं तेच एन्झाइम लॅक्टोजपासून घडवतं. जनुकं शंभर टक्के बंद असती, तर दारात आलेलं लॅक्टोज जिवाणूला कळलंच नसतं.

जिवाणूवरून माणसाला नियम लावू नयेत, असं पहिल्या रांगेतले प्राध्यापक मनात म्हणत असतील. जिवाणूला मन नाही, हे मान्य. पण शक्ती मर्यादित आहे आणि प्रत्येक कामाला ती खर्च होते, हे दोघांनाही लागू आहे. म्हणून समोर बसलेल्या पालकांना हात जोडून विनंती: बारावीच्या मुलाला एकाच वेळी तीन-तीन क्लास लावू नका, आणि परीक्षेचं वर्ष आहे म्हणून त्याचा तबला माळ्यावरही टाकू नका.