वाढलेला भाव आणि दारातला टेम्पो

बदलापूर या गावाच्या नावाची एक जुनी व्युत्पत्ती लोक सांगतात. कोकणपट्टीतून घाटमाथ्याकडे जाणारे स्वार या ठिकाणी थकलेला घोडा देऊन ताज्या दमाचा घोडा घेत. घोडे बदलण्याचे गाव म्हणून ते बदलापूर. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस ही कथा उतरो वा न उतरो, व्यवहारातील एक तत्त्व तिच्यात बिनचूक आले आहे. आपला घोडा देणारा स्वार दुसरा घोडा हाती आल्यावाचून पुढे निघत नसे. आज घोड्यास किंमत बरी येते, एवढ्याच आनंदात तो विकून पायी घाट चढू लागलेला स्वार कोणाच्या ऐकिवात नाही.

१८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत लोहमार्ग झाला आणि लांबच्या प्रवासातील घोड्याचे महत्त्व ओसरले. तथापि स्थानकापासून दारापर्यंत आणि वखारीपासून बांधकामापर्यंत माल नेण्याचे काम कोणत्याही आगगाडीस करता आलेले नाही. ते काम आधी बैलगाडीने केले आणि आता छोटी मालमोटार करते. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एस या गाडीस लोकांनी 'छोटा हत्ती' असे कौतुकाचे नाव दिले. तिच्याहून थोराड असे पिकअप टेम्पोही आज गल्लोगल्ली दिसतात. उल्हासनगरच्या बाजारातील कपाट, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्राचा भाग, कुळगावातील नव्या इमारतीच्या फरशा, हे सारे त्यांच्याच पाठीवरून जाते. 'एमएच ०५' या कल्याणच्या अक्षरांची पाटी मिरविणारा असा एक टेम्पो ज्या घरापुढे उभा असतो, त्या घराचे निम्मे अर्थशास्त्र त्याच्याच चाकांवर चालते.

अशाच एका घराचे उदाहरण घेऊ. कुळगावात बांधकामाच्या सामानाचे दुकान, पदरी एक चालक आणि सहा वर्षांपूर्वी सात लाखांस घेतलेला एक पिकअप. कर्जाचे हप्ते फिटलेले आहेत. एके सकाळी जुन्या गाड्यांचा दलाल दुकानात येऊन चहा घेता घेता म्हणतो, "शेठ, साडेचार लाख आत्ता मोजतो. असा भाव पुन्हा येणार नाही." एरवी अशा गाडीचे तीन लाख येते तर पुष्कळ झाले. दुकानदार हर्षभरित होतो. दुपारी जेवताना तो ही वार्ता घरात सांगतो, तेव्हा पानावर भाकरी वाढता वाढता पत्नी एकच प्रश्न करते, "अहो, हा विकल्यावर माल कशातून पोचवायचा?"

या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी जुन्या गाडीचा भाव चढतो कशामुळे, हे पाहणे अगत्याचे आहे. जुन्या गाडीत कोणताही नवा गुण उत्पन्न झालेला नसतो. उलट तिचे चाक रोज झिजतच असते. नवी गाडी महाग झाली किंवा मिळेनाशी झाली, म्हणजे गरजवंताची पावले जुन्या बाजाराकडे वळतात आणि भाव चढतो. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अमेरिकेतील कारखान्यांनी नागरिकांसाठी मोटारी बनविणे थांबविले, तेव्हा तेथे जुन्या मोटारीस एकाएकी मान आला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून केवळ 'बीएस सहा' या कडक धूरनियमांत बसणाऱ्या नव्या गाड्यांचीच विक्री होऊ लागली आणि डिझेलच्या गाड्यांच्या किमती वाढल्या. पाठोपाठ करोनाची साथ आली आणि २०२१ साली मोटारींत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप्सचा जगभर तुटवडा पडला. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेत जुन्या मोटारींचा भाव वर्षभरात ४५ टक्क्यांनी वाढल्याचे तेथील सरकारी निर्देशांकाने दाखविले. तात्पर्य, जुन्या गाडीचा वाढलेला भाव ही नव्या गाडीच्या महागाईची सावली होय.

हे ध्यानात आले म्हणजे दुकानदाराच्या हर्षास पहिला धक्का बसतो. पूर्वी नवा पिकअप सात लाखांस आणि जुना तीन लाखांस होता. जुना देऊन नवा घ्यावयाचा तर पदरचे चार लाख घालावे लागत. आता दोहोंचे भाव दीडपट झाले असे धरू. जुन्याचे साडेचार लाख येतील खरे; परंतु नव्यास साडेदहा लाख मोजावे लागतील. पदरचे घालावयाचे सहा लाख! भाव वाढून दीड लाखाचा लाभ झाला असे ज्यास वाटत होते, तो प्रत्यक्षात दोन लाखांनी मागे पडला. एकच गाडी असलेल्या आणि तिच्या जागी नवी आणू इच्छिणाऱ्या मनुष्यास चढा बाजार हा मित्र नव्हे, सावकार आहे; एका हाताने तो देतो आणि दुसऱ्या हाताने अधिक काढून घेतो.

मग या भावाचा लाभ कोणास? ज्याचा धंदा आटोपत आला आहे त्यास. ज्याच्या दारी दोन गाड्या असून काम एकीचेच उरले आहे त्यास. मोठी गाडी देऊन लहानीवर भागविता येईल त्यास. आणि गाडी न ठेवता भाड्याच्या टेम्पोने ज्याचे काम चालेल त्यास. आपला दुकानदार या चौथ्या वर्गात बसतो किंवा नाही, हा खरा प्रश्न. तो सोडविण्यास एक कागद आणि पेन्सिल पुरे आहे.

भाड्याचा टेम्पो एका फेरीस १,३०० रुपये घेतो असे समजू. तीच फेरी घरच्या गाडीने केल्यास डिझेलचे ३०० रुपये जातात. म्हणजे दर फेरीमागे घरची गाडी १,००० रुपये वाचविते. आता दुसरी बाजू. गाडी चालो वा उभी राहो, चालकाचा पगार, विमा, कर आणि दुरुस्ती मिळून महिन्यास २०,००० रुपये लागतातच. हा खर्च सर्वांस दिसतो. न दिसणारे खर्च दोन. गाडीचा भाव वर्षास ६०,००० रुपयांनी उतरेल असे धरल्यास ते महिन्याचे ५,००० झाले. आणि साडेचार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेविले असते तर वर्षास ३१,५०० रुपये व्याज आले असते. ते महिन्याचे २,६२५. एकूण बेरीज २७,६२५. प्रत्येक फेरी हजार रुपये वाचविते. तेव्हा महिन्यास २८ किंवा अधिक फेऱ्या असतील तर गाडी ठेवावी, त्याहून कमी असतील तर ती विकून भाड्याने काम भागवावे.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. भाव चढला नसता, गाडीचे तीनच लाख येत असते आणि तिची घट वर्षास ४०,००० असती, तर हाच हिशेब कोठे गेला असता? व्याज महिन्यास १,७५०, घट सुमारे ३,३३३, आणि वरचे २०,०००, बेरीज २५,०८३. म्हणजे २६ फेऱ्या. साडेचार लाख ऐकून ज्याची झोप उडाली, त्याच्या निर्णयात त्या भावाने केवळ दोन फेऱ्यांचा फरक पाडला! महिन्यास चाळीस फेऱ्या करणाऱ्याने भाव चढला म्हणून विकू नये. आणि पंधरा फेऱ्या करणाऱ्याने तर भाव चढण्यापूर्वीच विकावयास हवी होती. दलालाच्या आकड्याने खरोखर प्रश्न पडावा असे लोक या दोन मर्यादांच्या मध्ये सापडणारे थोडेच होत. बाकीच्यांचे उत्तर त्यांच्याच डिलिव्हरी चलनांच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक उघडण्याचा मात्र कंटाळा असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चढलेला भाव टिकणार नसेल, तर घट नेहमीपेक्षा पुष्कळ मोठी होईल. मग आजच विकणे शहाणपणाचे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. साडेदहा लाखांच्या गाडीत कराचा तो फरक पुरता ग्राहकास मिळाला, तर किंमत सुमारे ८२,००० रुपयांनी उतरते. नवी उतरली की जुनीचा ग्राहकही लगेच घासाघीस करू लागतो. शिवाय गाडीचे वयही पाहावे लागते. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, ज्यास बोलीभाषेत पासिंग म्हणतात, ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. सहा वर्षांची गाडी विकणारा आणि नऊ वर्षांची विकणारा यांच्याशी ग्राहक एकाच सुरात बोलत नाही. म्हणून ज्याचा हिशेब विकण्याच्या बाजूने पडला, त्याने आणखी भाव चढेल या आशेवर थांबू नये. परंतु ज्याच्या फेऱ्या भरपूर आहेत, त्याने भाव उतरेल या भीतीनेही विकू नये. कारण त्यास विकल्यावर पुन्हा घ्यावेच लागणार, आणि बाजार केव्हा उतरेल हे सांगणारा ज्योतिषी अद्याप जन्मास आलेला नाही.

शिवाय, कागदावर न मावणाऱ्याही काही गोष्टी असतात. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी, जेव्हा सर्वांनाच टेम्पो हवा असतो, तेव्हा भाड्याचा टेम्पो सांगितल्या वेळी येईल याची शाश्वती नाही. आणि सिमेंट वेळेवर न पोचल्याने तुटलेले गिऱ्हाईक साडेचार लाखांच्या व्याजाने परत येत नाही. उलटपक्षी, घरची गाडी बिघडली म्हणजे कामही बुडते आणि खर्चही होतो. पदरच्या चालकाचाही विचार हवा. त्याच्या घरची चूलही त्याच चाकांवर पेटते. त्याला एक महिना आधी सांगणे, शक्य तर त्याच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकणे, हे हिशेबाच्या बाहेरचे असले तरी व्यवहाराच्या बाहेरचे नाही. क्वचित तो चालकच गाडी घेण्यास पुढे येतो. दलालापेक्षा त्याने थोडे कमी दिले तरी त्याच्या फेऱ्या आपल्याच दुकानास मिळतात, हा लाभ लहान नव्हे.

विकावयाचे ठरलेच, तर एक दोष लपवू नये. बदलापूर उल्हास नदीच्या काठी आहे. २६ जुलै २००५ चा महापूर येथील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली आणि प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. सखल भागात उभी असलेली गाडी अशा पाण्यात बुडाली, तर वरून धुतली तरी तिच्या तारांत आणि आसनाखालच्या पत्र्यात पाण्याची खूण राहते. ही गाडी कदाचित एखाद्या तरुणाची पहिली मिळकत होणार असते. बुडालेली गाडी न बुडालेली म्हणून विकणे म्हणजे त्याच्या कर्जाचे हप्ते त्याच्या गळ्यात आणि गाडी गॅरेजात टाकणे होय.

शेवटचा मुद्दा सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. पैसे घेतले आणि किल्ली दिली, म्हणजे गाडी विकली असे पुष्कळांस वाटते. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावे नोंदणी, तोच मालक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० अन्वये, त्याच राज्यातील विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. नमुना २९ आणि ३० यांवर सह्या करून कोरे कागद दलालाच्या हाती सोपविणे, ही या व्यवहारातील सर्वांत महाग चूक. दलाल गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते कागद कपाटात ठेवतो, गाडी रस्त्यावर धावत राहते आणि नाव जुन्याच मालकाचे राहते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. गाडी हातोहाती अनेकांकडे गेलेली, अपघात झालेला, आणि नोंद मात्र पहिल्याच विकणाऱ्याच्या नावे. भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्याचीच, असा निर्णय न्यायालयाने दिला. तेव्हा कर्ज फिटले असल्यास नोंदणीवरील बँकेचा बोजा आधी उतरवून घ्यावा, गाडी दिल्याचा दिनांक आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि नोंद बदलल्याचे स्वतः पाहिल्याखेरीज प्रकरण मिटले असे समजू नये.

कुळगावच्या त्या घरी दुपारचे जेवण आटोपल्यावर दुकानदाराने चलनांचे पुस्तक काढले. गेल्या बारा महिन्यांच्या फेऱ्या पत्नीने वाचल्या आणि त्याने मांडल्या. सरासरी महिन्यास ३४ आली. पावसाळ्याचे दोन महिने २० च्या आत होते. परंतु दिवाळीपूर्वीच्या महिन्यात ५० च्या वर फेऱ्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दलाल आला, त्याने चहा घेतला, आणि भाव दहा हजारांनी वाढविला. दुकानदाराने त्यास नम्रपणे नकार दिला. त्या वेळी टेम्पो दारात नव्हता. तो फरशा घेऊन कात्रपला गेला होता.