विश्वासाचा पैसा आणि आपली मुले
(ड्युसेलडॉर्फ येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरंभी १९१८ सालच्या एका घटनेचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले आणि बडोद्यातील अपमान सोसून मुंबईस परतलेले बाबासाहेब उपजीविकेच्या शोधात होते. शेअर्सच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक पेढी त्यांनी काढली. काम येऊ लागले. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने पैसा गुंतविण्यास लोक तयार नव्हते. विद्या होती, समाजाने विश्वास नाकारला.

आपल्या या शहरातून ऱ्हाइनच्या काठाने वर गेले की बॉन लागते. तेथील विद्यापीठातही बाबासाहेबांनी नाव नोंदविले होते. त्याच ऱ्हाइनच्या काठी आज आपली मुले अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकत आहेत. म्हणूनच एका वेगळ्या अभ्यासक्रमाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

जर्मनीतील बचत बँका १९८३ पासून विद्यार्थ्यांसाठी शेअरबाजाराची स्पर्धा घेतात. तीत पैसा लुटुपुटीचा असतो. बुडाला तरी कोणाच्या घरची चूल विझत नाही. अमेरिकेतील काही विद्यापीठांनी याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील अभ्यासक्रमात १९७० पासून विद्यार्थी खराखुरा निधी सांभाळतात. टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेने १९९८ पासून आपल्या राखीव गुंतवणुकीचा काही भाग निरनिराळ्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या हाती सोपविला. अणुवीज केंद्रे बंद करण्याच्या भावी खर्चासाठी ठेवलेला तो पैसा आहे, यावरून जबाबदारीची कल्पना यावी.

अशा वर्गांचे काम साधारणतः असे चालते. विद्यार्थी निरनिराळे उद्योग वाटून घेतात. एखादी कंपनी घ्यावी असे ज्यास वाटते, त्याने तिचे ताळेबंद वाचून लेखी टिपण करावयाचे आणि ते वर्गापुढे मांडावयाचे. सहाध्यायी उलटतपासणी करतात, मग मतदान होते. एकाच कंपनीत किती टक्क्यांपर्यंत पैसा घालावा याची मर्यादा ठरलेली असते. वर प्राध्यापकांची देखरेख असते. सत्र संपले तरी निधी संपत नाही. तो पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावयाचा असतो. मागच्यांनी काय घेतले आणि का घेतले, हे नव्यांना त्या टिपणांतून कळते.

या 'का' मध्येच आम्हांस सारे शिक्षण दिसते. आमचाच अनुभव सांगतो. २००० साली शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्हीही एका कंपनीचे शेअर्स घेतले. ट्रामच्या थांब्यावर सुद्धा तोच विषय असे. दोन वर्षांत त्या रकमेचा दहावा हिस्साही उरला नाही. नागपूरच्या घरावर मजला चढविण्यासाठी ठेवलेला तो पैसा होता. पुढे आमच्या कन्येने विचारले, "बाबा, तुम्ही हे शेअर्स का घेतले होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पैसा गेल्याचे दुःख ओसरले. उत्तर नसल्याची लाज मात्र अजून आहे.

मोठ्या नावावर विसंबणेही पुरेसे नाही. वायरकार्ड ही कंपनी २०१८ मध्ये जर्मनीच्या प्रमुख डॅक्स निर्देशांकात दाखल झाली होती. २०२० मध्ये ती कोसळली, तेव्हा तिच्या हिशेबात दाखविलेल्या १.९ अब्ज युरोंचा ठावठिकाणा लागला नाही. प्रतिष्ठा पाहून माना डोलावण्याऐवजी पुरावा मागावा, ही शिकवण तर आपल्या धम्माचीच आहे.

तेव्हा आमची एक सूचना आहे. आपल्या संस्थेने असाच एक लहानसा निधी आपल्या विद्यापीठीन मुलामुलींच्या हाती द्यावा. गावाकडच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या पैशास हात लावू नये. तो पहाटेच्या पाळीत राबणाऱ्या माणसांच्या घामाचा पैसा आहे आणि त्यावर कोणाची तरी परीक्षा फी अवलंबून आहे. ज्यांना बुडाल्यास सोसेल, त्यांनीच स्वेच्छेने वेगळी वर्गणी द्यावी. ती कशी ठेवावी, याविषयी आधी कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. मुलांनी प्रत्येक निर्णयाचे कारण लिहून ठेवावे आणि दरवर्षी याच मेळाव्यात आईबापांसमोर हिशेब वाचावा. तोटा झाला तर तोही उभे राहून वाचावा.

काही ज्येष्ठांना ही सट्ट्याची दीक्षा वाटेल. त्यांची भीती आम्ही अनाठायी म्हणणार नाही. आमचे हातही पोळलेले आहेत. परंतु कारण न लिहिता पैसा लावणे हा सट्टा होय. कारण लिहून, चार जणांची हरकत ऐकून, मर्यादा पाळून आणि चूक कबूल करून पैसा सांभाळणे ही विश्वस्ताची शिस्त आहे.

बाबासाहेबांना जो विश्वास परक्यांनी नाकारला, तो आपल्या मुलांना निदान आपण तरी देऊ या. नफा किती झाला, हे आम्ही पहिल्या वर्षी विचारणार नाही. वही मात्र अवश्य पाहू.

जयभीम! नमो बुद्धाय!