पर्समधले रिव्हॉल्व्हर आणि घरातला धोका

(महिला मेळाव्यातील स्वसंरक्षणाच्या सत्रात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



सकाळी एका ताईंनी विचारले, "कराटे शिकायला आता गुडघे साथ देत नाहीत. मग एखादे छोटे पिस्तूल घ्यावे का?" काहीजणी हसल्या. मला हसू आले नाही. रात्रपाळी करून एकटीने घरी परतणाऱ्या बाईचा हा प्रश्न आहे. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्या, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सुमारे सव्वा लाख. वर ठेवायला दागिन्यांसारखी पेटी! पुढे 'निडर' नावाचे पॉइंट २२ चे आणखी हलके रिव्हॉल्व्हर आले. नऊ एम.एम.सारखे बोअर सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत, त्यामुळे निवड बहुधा या लहान बोअरमध्येच करायची.

पण हलके म्हणजे सोपे नव्हे. गोळी तीच असेल तर हत्यार जितके हलके, तितका हाताला झटका अधिक. नळी आखूड, म्हणून अंतर वाढले की नेम चुकतो. चाप ओढायला बोटात जोर लागतो. सरावाने हे जमते, पण सरावाला पैसा, जागा आणि वेळ हवा. त्याआधी परवान्यासाठी पोलीस चौकशी आणि खेटे आहेतच.

समजा, सगळे जमले. मग नेम कोणावर धरायचा? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की, नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. आणि त्या पेटीची किल्ली कोणाकडे राहील? जिथे बाईचा पगारही तिच्या हातात राहत नाही, तिथे रिव्हॉल्व्हर राहील? आमच्याकडे आलेल्या एका बाईचा नवरा सुरक्षारक्षक होता. त्याने घरात बंदूक कधी झाडली नाही. जेवताना शेजारी ठेवायचा, एवढेच. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असली तर बाईच्या खुनाचा धोका पाचपटीने वाढतो.

म्हणून सावध राहणे म्हणजे फक्त अंधाऱ्या गल्लीत मागे वळून पाहणे नव्हे. तो गळा दाबतो का? "मारून टाकीन" म्हणतो का? पाळत ठेवतो का? या खुणा हलक्यात घेऊ नका. घर सोडण्याची वेळ सर्वांत धोक्याची, म्हणून एकटीने निघू नका. कागदपत्रे आणि थोडे पैसे मैत्रिणीकडे ठेवा. शेजारणीशी एक खूण ठरवा. ११२ आणि १८१ हे क्रमांक पाठ करा. अंगावर आलेल्याला प्रतिकार करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. बलात्काराचा किंवा ॲसिडचा हल्ला परतवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी भारतीय न्याय संहितेचे कलम ३८ संरक्षण देते.

ताई, परवान्यासाठी अर्ज करण्याचा हक्क तुमचाही आहे. पण रात्रपाळीला कारखान्याची गाडी आणि रस्त्यावर दिवे मागायला परवाना लागत नाही. तो अर्ज आज, इथेच लिहूया. पहिली सही माझी.